तीस टक्के कमी

सकाळी सव्वासातला मी उंदीर तोलते.
बाहेर एप्रिलचं सोलापूर, आत बावीस अंश.
आत कायम बावीस अंश. लाइट गेली
की दहा सेकंदांत जनरेटर गुरगुरतो;
आमच्या गल्लीत पंख्याकडे बघत झोपायचं.

सतरा नंबरच्या पिंजऱ्यातली, डाव्या कानाला दोन खाचा,
सव्वीस महिन्यांची.
माणसात धरली तर सत्तरी ओलांडलेली, हुंडेकरी मॅडम म्हणतात.
पाठीवरचे केस विरळ, खांद्यात वाकलेली,
पण जाळी धरायला देऊन शेपटीनं मागे ओढली
तर अजून सोडत नाही लवकर.

तीन महिन्यांची होती तेव्हापासून
तिला तीस टक्के कमी देतो. मोजून. रोज दुपारी चारला.
तिच्या पोटभर खाणाऱ्या बहिणी
दिवाळी ते संक्रांत एकेक करून गेल्या.
उघडल्यावर लिव्हर पिवळट, साय धरल्यासारखं.

काट्यावर आकडा थरथरतो, मग थांबतो:
एकोणीस पॉइंट चार.

आई कारखान्यातून तंबाखू तोलून आणायची.
रात्री पानं भिजवायची, दिवसभर हजार वळायची,
चेकर त्यातल्या मूठभर बाद करायचा.
बाद विडीचे पैसे नाहीत.
बाद विडी परतही नाही.

महिन्यातून एकदा सहा तास उपाशी ठेवून
शेपटीच्या टोकाचा थेंब घेतो,
साखर टोचतो, पंधरा मिनिटांनी पुन्हा थेंब,
तीसला, साठला, दोन तासांनी.
तसलंच मशीन घरी फ्रिजवर आहे.
आईच्या बोटांना सुई लागत नाही,
चाळीस वर्षांच्या दोऱ्यानं कातडी टणक झालेली.
दाबत बसावं लागतं. दोनशे बारा.

तिनं विचारलं, तू तिथं करतेस तरी काय?
सांगितलं, कमी खाल्लं तर जास्त जगतात का, ते बघतो.
भाकरीचा तुकडा चटणीत तसाच राहिला,
इतकी हसली, ठसका लागला.
मग म्हणाली, असं असतं
तर आमची सगळी गल्ली अजून जिवंत असती की गं.

मी म्हणाले, त्यांना व्हिटॅमिनं पूर्ण देतो, आई.
फक्त भूक कमी—
नाही. फक्त अन्न कमी.

तिनं पुढं विचारलं ते वेगळंच:
गार हवेत ठेवता, मग पांघरायला?
कापूस देतो, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर सुताचा बोळा होता,
भावाच्या मागाखालचा, लाल, थोडा हिरवा.
मी तो ऑटोक्लेव्हमध्ये घातला, नियमाप्रमाणे,
आणि मॅडमना विचारलं नाही, नियमाविरुद्ध.

सतरा नंबरनं रात्रभर दातांनी एकेक धागा सोडवला.
सकाळी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात
वाटीएवढी चादर, मधे ती, नाक तेवढं बाहेर.
वजन एकोणीस पॉइंट एक.

शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून ठेवलं.
शाईचा ठिपका पसरला.
त्याच्यापुढं लिहिलं: हालचाल नेहमीप्रमाणे.