पावतीच्या पाठीमागे

सावद्याच्या काट्यावर मी केळीचं वजन लिहितो
आणि वाया गेलेल्या पावत्यांच्या पाठीमागे,
दुसरा ट्रक येईस्तोवर,
उरलेलं:
काल सुभान तडवीनं लेकीची फी
तीनदा मोजली,
तिन्ही वेळा वेगळी आली.

जेवताना वाचून दाखवलं.
कळण्याची भाकर हातात तशीच धरून
सगळे हसले. सुभान नाही.
'चवथ्यांदा मोजली ते नाही लिह्यलं?
तव्हा बराबर आली.'

पावतीवर जागा नव्हती.
त्यानं फेकलेलं हिरवं केळं उचललं,
खिळ्यानं सालीवर काहीतरी ओरखडलं.
काहीच दिसेना.

ट्रक सुटला तेव्हा पाहिलं,
चीक काळा पडून
माझ्या पेनाहून ठळक:
रेहाना, बाराशे पन्नास.