नोंद : उजवा पाय

आचऱ्याच्या दवाखान्यात दर दुसऱ्या मंगळवारी
मागच्या खोलीत सांधे तपासतात.
जुन्या कॅलेंडरचं पान फरशीवर उलटं पसरायचं,
त्यावर पाऊल, पावलाभोवती पेन्सिल.
मग कोनमापक.

जयवंती खवणेकर. वय चोपन्न. आमवात, नऊ वर्षं.
दुसऱ्याच्या दारात परडी ठेवावी
तसा ती पाय पुढे ठेवते.

अंगठा शेजारच्या बोटाकडे कललेला, अडतीस अंश.
दुसरं बोट त्याच्यावर चढलेलं.
तिसरं मधल्या पेरात मोडून खाली वळलेलं
(पुस्तकात त्याला हातोडी म्हणतात).
उरलेली दोन बाहेरच्या अंगाला सरकलेली,
एकाच बाजूचा वारा खाल्लेल्या सुरूंसारखी.
चवड्याखाली दोन घट्टे.

चालताना कसं वाटतं?
"खडे भरल्यासारख्या. चप्पल झाडतंय, झाडतंय,
खडो काय गावणा नाय."

खडा तिच्याच हाडाचा आहे, हे मी लिहिते.
वेगळ्या शब्दांत.

मग चवडा दोन्ही बाजूंनी दाबायचा,
हलकेच, कुणाचा हात हातात घ्यावा इतकाच.
तिचा चेहरा हलत नाही.
बाकाची फळी मात्र करकरते,
दोन्ही हातांनी धरली आहे तिनं.
दुखतं?
"तू दाबलंस म्हणान."
तीनपैकी तीन.

सकाळी पाय किती वेळ आखडतात, असा एक रकाना आहे.
उत्तर मिनिटांत हवं.
"सुकती लागासर."
पण मावशी, सुकतीची वेळ रोज बदलते.
"मगे? दुखणा काय रोज एकाच वेळार थांबता?"
मी नव्वद लिहिते.

व्यवसाय विचारायचा राहिलाच होता.
"मुळे काढतंय. खाडयेत."
कशानं?
ती माझ्याकडे बघते. मग पायांकडे,
जिथे मी पाऊण तास बघते आहे.

कमरेइतक्या गढूळ पाण्यात डोळ्यांचं काम नसतं.
बोटं चिखल चाचपतात, शिंपली लागली
की दोन बोटांत धरून वर, हातापर्यंत.
आईनं शिकवलेलं : आधी अंगठा विचारतो,
शेजारचं उत्तर देतं.
"आंगठ्याक आता काय एक कळणा नाय.
पण ह्या वाकडा जाला, ता बरा जाला."
तिसरं बोट. त्याचा आकडा झालाय.
मुळो त्यात अडकतो, आपसूक वर येतो.
घराकडे परतताना मात्र बांधावर तीनदा बसावं लागतं,
हे ती सांगत नाही. बरोबर आलेली सून सांगते.

विकृतीपुढे मी 'तीव्र' लिहिलंय,
कार्यापुढे 'मर्यादित'.
दोन्ही बरोबर आहेत. पुन्हा मोजून पाहिलं.
आकड्याला रकाना नाही.

बोटं सरळ होतील का, असं ती विचारत नाही.
विचारते चपलेचं.
या रेघेवरून कुडाळला एक जण शिवून देतो :
पुढून रुंद, तळ मऊ, अंगठ्याची पट्टी नाही.
चिखलात उपयोग शून्य, हे आम्हा दोघींना माहीत.
ती पान उचलते, उलटते,
स्वतःच्या पावलाकडे न बघता तिथी शोधते.
"उद्या पंचमी. पाणी धाक सुकतला."
मग हसते. "ह्या गेल्या वर्साचा गो."

पुढच्या मंगळवारी नव्या पानावर
अंगठा चाळीस अंश.
दोन अंश मोजणाऱ्या हाताचेही असू शकतात.
नवी चप्पल तिनं पिशवीतून आणलीय,
पायात जुनीच.
त्याच पिशवीतून ती एक ओलं फडकं काढते,
गाठ सोडून माझ्या टेबलावर उघडते.
"आता ह्ये मोज."

छत्तीस भरले.
एक फुटका.