पाळणाघर

पाटी तीच आहे, बदकांची.
रंग उडाला तरी काढली नाही.
धनकवडीत आमचा जिना चढून
अजून कुणी विचारतं,
"ढमढेरेबाई, मुलं सांभाळता ना?"
सांभाळत होते. एकवीस वर्षं.
मग कोपऱ्यावर एसीवालं प्री-स्कूल निघालं
आणि माझ्या सतरंज्या माळ्यावर गेल्या.

आता मे महिन्यात, दिवाळीत
लोक काचेच्या पेट्या घेऊन येतात.
ईशान बोकीलचा गेको, नाव शेव,
शेपूट मुळ्यासारखं जाड,
पुढच्या दिवसांचं तिथेच साठवतो.
कॅम्पातल्या खुशरूचा बॉल पायथन,
सोबत नोंदणीच्या कागदाची झेरॉक्स
आणि चिठ्ठी, पूर्वी आया द्यायच्या तशीच:
एक टोक बत्तीस अंश, दुसरं सव्वीस.
अळ्यांना कॅल्शियमची पूड लावून.
रात्री दिवा नको.
फक्त "गोष्ट सांगितल्याशिवाय झोपत नाही"
एवढं नसतं.

फ्रीझरमध्ये आइस्क्रीमच्या डब्यात उंदीर आहेत.
वर ठळक अक्षरात लिहिलंय,
कारण एकदा आमच्या वन्संनी
बासुंदी समजून...
असो.

मुलं रडायची.
रडण्याचे चार प्रकार मला झोपेत कळायचे:
भूक, शू, आई, आणि उगाच.
ही रडत नाहीत, हीच पंचाईत.
नुसतं बघत बसावं लागतं.
विष्ठेचा रंग, पाण्याची पातळी,
काल उजवीकडे होता, आज डावीकडे का?

मागच्या महिन्यात पायथनचे डोळे दुधाळ झाले.
खाईना. वेटोळं करून पडला.
सवयीने हात पुढे गेला माझा, ताप बघायला.
मग आठवलं,
ह्याला स्वतःचा ताप नसतोच,
असतो तो आपण दिलेला.
ओलं मॉस ठेवलं, पंखा बंद केला,
मी घामाघूम, तो निवांत.
आठव्या दिवशी सकाळी कात.
अखंड, नाकापासून शेपटापर्यंत,
डोळ्यांवरच्या दोन चकत्यांसकट.
खुशरू म्हणाला, टाकून द्या.
मी फाइलमध्ये ठेवली,
पोरांनी घरी न नेलेल्या चित्रांशेजारी.

गुरुवारी पाणी नसतं.
बुधवारी रात्रीच दोन बादल्या भरते, कासवासाठी.
बिबवेवाडीच्या घुल्यांचं ते.
आठ दिवसांसाठी आलं होतं,
त्याला तीन वर्षं झाली.
आणलं तेव्हा म्हणे रुपयाएवढं होतं,
आज ताटलीएवढं आहे.
नंबर अस्तित्वात नाही, बाई सांगते फोनवरची.
लोक मुठेत सोडून देतात, अंधारात, पुलावरून,
वर हातही जोडतात.
घुल्यांनी निदान जिना चढला.

पाळणाघरात रोज एक पोर शेवटी उरायचं.
दप्तर पाठीला, चप्पल घातलेली,
तोंड दाराकडे.
कासव दाराकडे बघत नाही.
विटेवर चढतं, दिव्याखाली मान ताणतं,
मागचे पाय पसरून
सगळं ऊन एकट्याचं असल्यासारखं.

तो दिवा सहा महिन्यांनी बदलावा लागतो.
उजेड पडतच राहतो,
पण आतलं ऊन संपलेलं असतं,
आपल्या डोळ्यांना कळत नाही.
म्हणून तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीये,
दुधाच्या हिशेबाखाली.
नवीन वर्षाचं कॅलेंडर आलं,
की त्यावरही लिहीन.