दोन कॉलम, आठ सेंटिमीटर

सव्वादहा. अकराला पान सुटतं.
कार्डात सातशे बारा फोटो,
त्यातले निम्मे पाठमोरे,
नाहीतर पंचांच्या पांढऱ्या पँटीचे.
खो-खो असाच:
बोट दाबेपर्यंत खेळ पुढच्या चौकोनात गेलेला.

उडवत जातो. हा हलला. हिचे डोळे मिटलेत.
हा बरा होता, पण खांबानं अर्धं तोंड खाल्लंय.
पंख्याखाली शेंगाचटणीचा कागद फडफडतो,
माऊस तेलकट होऊ नये म्हणून
कडक भाकरी डाव्या हातानं.

मग सापडतो चारशे एकोणऐंशी.
लावण्या चिलवेरी, जमिनीला समांतर,
डावा हात खांबाला, उजवा पुढे,
आणि पळणारीच्या टाचेपासून तिचं बोट
पूर्ण मोठं करून मोजलं तर
अकरा पिक्सेल लांब.
पुढच्या फोटोत दोघीही मातीत.
पंचांनी बाद दिलं नाही.
एका गुणानं गेली मॅच.

अकरा पिक्सेल मिटवायला
मला चहा निवायइतकाही वेळ लागत नाही.
लग्नांच्या अल्बमात याहून मोठी अंतरं मिटवलीत मी:
रुसून गेलेले मामा दुसऱ्या फोटोतून उचलून
वरमाईशेजारी उभे केलेत,
एका नवरदेवाला केस दिलेत.

इथे नाही.
इथे फक्त जमीन सरळ करायची,
मी धावत होतो म्हणून पार्क मैदान कललंय.
दिव्यांचा पिवळा थोडा काढायचा,
सगळा काढला की मैदान दवाखान्यासारखं दिसतं.

डेस्कवरून वागदरीकरांचा फोन:
दोन कॉलम, आठ सेंटिमीटर.
आणि पोरगी जरा उजळ कर बे, छपाईत काळी पडेल.
शाई कमी करा की, असं मी म्हणालो.
म्हणजे फोन ठेवल्यावर म्हणालो.
मग माती उजळ केली.
तिला एप्रिलचं ऊन जसं लागलं होतं तसं राहू दिलं.

उजव्या कडेला, दोरीबाहेर,
एक माणूस: पुसट, दोन्ही हात वर, तोंड उघडं.
मल्लेशम, तिचा बाप.
अक्कलकोट रोडला टॉवेलच्या मागावर असतो,
दुसरी पाळी टाकून आला होता.
उरुकू, उरुकू, ओरडत होता,
माझ्या कानाशीच.

धूळ काढायची आज्ञा दिली
तेव्हा यंत्रानं आभाळातले दोन ठिपके पुसले
आणि त्याच्या डोक्यावरचे सगळे.
जवळ जाऊन बघितलं.
धूळ नव्हती ती. कापूस होता.
एक पायरी मागे आलो.
केसांत कापूस परत आला.

पण दोन कॉलमांत तो बसत नव्हता.
कापला.
दहा बावन्नला पाठवला.

सकाळी अशोक चौकात
टपरीवर पेपर या हातातून त्या हातात.
लागलाय की बे हात! चक्क लागलाय!
पंचाचे डोळे काय गड्ड्यात हरवले होते काय!
मी वाकून बघितलं.
खरंच लागला होता.
आठ सेंटिमीटरात शाई पसरली होती
आणि मी जे केलं नाही
ते स्वस्त कागदानं करून टाकलं होतं.
मी चहा प्यालो. बोललो नाही.

दुपारी मल्लेशम दुकानात.
पेपरची घडी खिशात, चपला दाराबाहेर.
मूळ दाखवा म्हणाला.
दाखवलं. मोठं केलं, अजून मोठं,
टाच, बोट, मधली माती.
तो पडद्याला नाक लावून
कापडातला दोष शोधावा तसा बघत राहिला.
ओक्क पोगु, म्हणाला.
एक धागा.

पोरीला सांगू नका, असं काही म्हणेल वाटलं.
तिनं रात्रीच सांगितलं, म्हणाला,
नाही लागला म्हणून.
मी आपलं, मशीन काय म्हणतं, ते बघायला आलो.

मग फोटो मी उजवीकडे सरकवला.
दोरीबाहेरचा माणूस त्यानं ओळखला,
आणि माझ्या समोर, भर दुपारी,
डोक्यावरून हात फिरवून
झटकू लागला.