एकतीस नंबरची बाटली

रात्री अडीचला मी कूलर बंद करतो,
म्हणजे काट्यावरचा आकडा थरथरत नाही.
काटा इतवारीतल्या एका सराफाचा, जुना, पडीक भावात घेतलेला.
त्याच्यावर नथी तोलल्या गेल्या असतील, कुणाची डोरली,
आता त्याच्यावर मी वास तोलतो.
शून्य पूर्णांक शून्य चार.

ग्लिसरीन काकवीसारखं उतरतं, घाई करत नाही.
सिरिंजला सुई नाही, तरी दुर्गावहिनी
पाणी प्यायला उठली की दारातून विचारते,
"भाऊजी, इंजेक्शन कोणाले?"
आणि उत्तर ऐकायला थांबत नाही.

पुतण्याच्या उरलेल्या शंभरपानी वहीत
माझे नंबर :
सात. वाळा. नव्या कूलरची पहिली दुपार. बरा.
बारा. बडीशेप. पंगत उठल्यावरचा मांडव.
एकोणीस. पान. खोटं, गोडमिट्ट. मोरीत ओतलं.
तेवीसपासून पुढे नुसता संत्रा.
संत्रा, संत्रा, संत्रा थोडा कमी,
संत्रा आणि एक थेंब वेलची (चूक).

हे कायद्यात बसत नाही, माहीत आहे.
खर्राही बसत नव्हता,
तरी बाबा बसायचे, सक्करदऱ्याच्या चौकात,
बावीस वर्षं, मांडीवर पाटी,
पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना,
तळहाताच्या टाचेनं घोटत, घोटत,
की समोरचा माणूस बोलायचं विसरून
नुसता हाताकडे पाहत राही.
सुकदेवभाऊचा खर्रा. नाकाजवळ नेऊन सांगायचे,
चुना एक बोट जास्त झाला.

तोंडात तीन बोटं उभी मावली पाहिजेत,
मेडिकलच्या डॉक्टरणीनं स्वतःची बोटं उभी करून दाखवलं.
बाबांची दीड मावतात.
पोळी वरणात, भात मऊ, शब्द दातांच्या फटीतून.
नाक मात्र शाबूत.

मीही चौदा वर्षं त्यांच्याच हातचा खाल्ला.
होळीनंतर सोडला.
सोडला म्हणजे, हे धरलं.

"काय करून राहिला बे?"
बनियनवर उभे, डोळे बारीक करून.
कूलर बंद झाला की त्यांना जाग येते,
हे मला इतक्या रात्रींत सुचलं नाही.
"वास बनवून राहिलो."
ते खाली बसले, बाटली घेतली,
झाकण काढायच्या आधीच जराशी हलवली,
जुन्या सवयीनं.
तीस नंबर : "हा संत्रा नोहे. संत्र्याची गोळी आहे.
पंधरा ऑगस्टची."
एकतीस : बराच वेळ काही नाही.
मग पुन्हा. मग डावी नाकपुडी.
"जवळ आला. पण झोंबत नाही."

फ्रिजच्या तळाशी मृग बहारातला एक उरला होता,
सुरकुतलेला, वहिनीच्या नजरेतून सुटलेला.
बाबांनी सालीचा तुकडा काढला, दुमडला,
आणि मी काही म्हणायच्या आत
माझ्या डोळ्यात पिळला.
मी सात वर्षांचा असताना पिळायचे तसा.
आग झाली. डोळे गळायला लागले.
"हे टाक त्यात," म्हणे.

मी बनियनच्या बाहीला डोळे पुसत होतो, ते विचारत होते,
"मंग हे ओढाचं?"
"हो."
"आन् मंग?"
"सोडाचं."
"थुकाचं नाही?"
"नाही."
मिटल्या दातांमागे हसले,
खांदे हलले तेवढेच.
"मंग ते गेलं कुठं हे समजन कसं तुले?"

मला उत्तर नव्हतं.
काट्यावर आकडा शून्याला येऊन थांबला होता.
बाबा फोडीच्या शिरा काढत बसले, एकेक, ट्यूबलाइटखाली,
घोटायचे तितक्याच निगुतीनं.
फोड आडवी धरली
तर दीड बोटात मावते.