बसली

ब्रश तोंडात धरून मी गॅलरीत येतो
आणि आधी खाली बघतो.
आज कोणता पाय?

उजवा, पुढचा.
रात्री अकराला चारी पायांवर उभी केली होती,
पहाटे एक गुडघा टेकून मोकळी,
स्वार चढायच्या आधीच दमलेली उंटीण.
गुलाब उईके काच पुसतो. मान वर न करता म्हणतो,
"बसली न भाऊ."

आपल्यात काय काय बसतं.
घसा बसतो, भिंत बसते, धंदा बसतो,
पाहुणा मांडी घालून बसतो तो उठत नाही.
पण ही मी बसायला म्हणून घेतली होती.
बसायचं काम माझं होतं.

वैजयंतीला सांगितलेल्या किमतीत
सागवानाचे दोन ट्रक कमी होते.
ते तिला माहीत आहे. विचारत नाही,
फक्त बिल आलं की चष्मा लावते.

वर्धा रोडला शोरूमात कॉफी चांगली मिळते.
टायवाला पोरगा हळू आवाजात सांगतो,
सस्पेन्शन हवेचं आहे सर, नाजूक असतं,
पार्ट बाहेरून येईल.
बाहेरून म्हणजे मुंबईहून.
मुंबईच्या बाहेर म्हणजे विलायतेहून.
विलायतेच्याही बाहेर काय आहे
ते मला एकवीस दिवसांनी कळलं, जीएसटीसकट.

मे महिन्यात पारा सेहेचाळीसला टेकला की
काट्यांच्या मधोमध एक पिवळा दिवा लागतो,
मग लाल,
मग सगळेच. लग्नघर.
आतला थंडावा जातो आणि
चामड्याच्या सीटचा मूळ प्राणी जागा होतो.

कामठी रोडचा इश्तियाकभाई
खाली सरपटत गेला, कान लावून पडून राहिला,
डॉक्टरनं म्हाताऱ्याच्या पाठीला लावावा तसा.
बाहेर आला, हात पुसत म्हणाला,
"रबर बढ़िया है सेठ.
लेकिन उधर की ठंडी का है."
पैसे घेतले नाहीत त्यानं. तेच जास्त लागलं.

तेव्हापासून ऑटो.
लकडगंजच्या एक गल्ली आधी उतरायचं,
किल्ली बोटात फिरवत आरामशिनींच्या मधून चालायचं,
जणू मागे कुठे सावली बघून लावली आहे.
दमडूजी ऑटोवाल्यानं पहिल्याच दिवशी ओळखलं.
तिसऱ्या दिवशी तो आपणहून
एक गल्ली आधी थांबला.
एवढी अदब मला कॉफीसोबत मिळाली नव्हती.

विकून टाका, वैजयंती म्हणते.
बरोबर म्हणते.

पण तिला तो नाला कसा सांगू.
पेंचच्या अलीकडे, पुलाचं काम सुरू,
वळणरस्ता वाहून गेलेला,
अलीकडच्या काठावर पाच-सहा जीपा, माणसं बिड्या ओढत.
मी गोल खटका फिरवला.
ती वाकली नाही.
उंच झाली, आधी बोटभर, मग वीतभर,
आणि पाण्यात उतरली, घाई नाही, आवाज नाही,
एकेक चाक दगड चाचपत,
माझे हात स्टेअरिंगवर फक्त साक्षीला.
दारापर्यंत गढूळ पाणी. अकरा मिनिटं.
पलीकडे गुलाब खाली उतरला,
बैलाच्या कपाळावर ठेवावा तसा
बोनेटवर तळवा ठेवला.
काही बोलला नाही.

परत येताना मनसरला बंद पडली.
टोचन लावून आणली, मागे बसून मी
टेम्पोच्या पाठीवरचं लिंबू-मिरची बघत.
तेही खरंच आहे.
पण ते अकरा मिनिटांच्या नंतरचं.

आज ब्रश तोंडात. खाली बघितलं.
चारी पाय सरळ.
टपावर कडुलिंबाची फुलं,
पोटाखाली मांजर, बिनधास्त.
गुलाबनं किल्लीसाठी हात पुढे केला.

राहू दे रे, म्हटलं.
उभी आहे न?
उभी राहू दे.
दमडूजीला फोन लाव.