घोटीव

मेडिकलच्या मागच्या बाजूला, दाताच्या दवाखान्यात
केसपेपर लिहायचं काम माझ्याकडे आहे.
अक्षर चांगलं म्हणून.
लहानपणी आईनं घोटून घेतलेलं.

आज पहिलाच पेपर: धापोडकर मोरेश्वर, वय सत्तेचाळीस,
राहणार तांडापेठ, आधी माग, आता ई-रिक्षा.
सरांनी त्याच्या तोंडात बोटं घालून पाहिली, म्हणाले,
दोनच जातात. लिही, खर्रेबाज.

मी लिहिलं.
खोटं कशाला सांगू, डब्याच्या वेळी मीही मोजते,
आज सात खर्रेवाले, दोन बिडीवाले,
बाजारातल्या जुड्या मोजाव्या तसे.

कागद उलटा होता तरी त्याला वाचता आला.
काही म्हणाला नाही.
त्याचं तोंड तसंही फार उघडत नाही,
सांबारवडीचे चार तुकडे करून खातो,
तर्री तर बंदच.
नुसता आपल्या नावाकडे बघत राहिला,
आपल्या सीटवर भलताच कोणी बसलेला दिसावा तसा.

मी नवा पेपर घेतला.
आणि अडले व्याकरणात.
मराठीत विशेषण आधी येऊन बसतं,
माणूस मागून येतो,
तोवर ऐकणाऱ्याचं ऐकून झालेलं असतं.
खर्रा खाणारा माणूस, असं म्हटलं तरी
खर्राच पुढे, पन्नीत बांधलेला, चुना-सुपारीसकट.
व्यसनी लिहिलं, खोडलं.
रुग्ण लिहिलं. तेही अर्धंच.
पानठेल्यावरचा पोरगा पाटीवर खर्रा घोटतो ना,
सुपारी नरम पडेपर्यंत,
तसं एक वाक्य घोटत बसले.
बाहेर रांग चिडली. सरांनी घड्याळ पाहिलं.

शेवटी दोन वाक्यं केली:
मोरेश्वर धापोडकर आले आहेत.
चोवीस वर्षांपासून ते खर्रा खातात.

पेपर सुलटा करून त्यांच्याकडे सरकवला.
त्यांनी बोट ठेवून वाचलं,
ओळ संपल्यावर परत पहिल्यापासून.
"चोवीस नाई जी म्याडम, तेवीस.
मधात पोरगी झाली तवा
एक वर्स नव्हतो खात.
थे कुठी लिवाचं?"

छापील कागदावर त्याला रकाना नाही.
समासात लिहिलं, आडवं, वरून खालपर्यंत.
सरांच्या सहीला जागा उरली नाही.